गोणपाटाचा घिली सूट: रंग कमी, पूर्वतयारी जास्त

घिली सूट, म्हणजे गवतात मिसळून जाण्यासाठी जाळ्यावर धाग्यांच्या जुड्या बांधून केलेला पोशाख. त्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नात खरं तर तीन तक्रारी आहेत. पोत्याचे धागे सोडवले, पण त्यांना घासलेटसारखा वास येतो. दुकानातून आणलेली हिरव्या रंगाची पुडी वापरली तर धागे पोपटी झाले, वर आतल्या शर्टालाही रंग लागला. आणि एवढा खटाटोप करून गवतात बसलात तर गवतापेक्षा तुम्हीच उठून दिसता. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या बाहेरच्या बांधांवरून पाणपक्ष्यांचे फोटो आणि जमलं तर ममदापूरकडे काळवीट, एवढाच हेतू आहे असंही तुम्ही लिहिलंय. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही पोतं फाडलं आणि थेट रंगाच्या पातेल्याकडे गेलात. मधली कामं, म्हणजे धागा धुणं, पिंजणं, त्याची चकाकी मारणं आणि बांधण्याआधी रंग एकमेकांत मिसळणं, ही राहून गेली. सूट नजरेतून सुटतो तो मुख्यतः या कामांमुळे. रंगाचा वाटा त्यात थोडा.

आपल्या नाशिककडे तर आणखीच थोडा. हे सूट मुळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या शिकारी मदतनिसांचे. १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी उभारलेल्या लोव्हॅट स्काउट्स या तुकडीने ते सैन्यात आणले. आज ऑनलाइन मिळणारे तयार सूट बहुतेक हिरव्यागार पानगळीच्या जंगलासाठी बेतलेले असतात. तो हिरवा आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुसळी गवत सोनेरी होतं, डिसेंबरात फिकट पडतं, मार्चनंतर राखाडी-तपकिरी. खाली काळा कातळ नाहीतर काळी माती. पाण्याच्या कडेला पाणकणीस आणि लव्हाळा असतो, पण त्याचीही निम्मी पाती वाळलेलीच. स्थलांतरित पक्षी येतात नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमक्या याच पिवळट दिवसांत. न रंगवलेल्या, नीट धुतलेल्या तागाचा रंग या गवताच्या इतका जवळ असतो की निम्मा माल रंगवायचाच नाही. माझं साधारण प्रमाण असं: निम्मा कोरा ताग, पाव भाग मळका ऑलिव्ह, उरलेल्यातला बराचसा तपकिरी आणि अगदी थोडा काळपट. काळपट हवाच, कारण गवताच्या बुडाशी सावली असते आणि ती नसली की सूट सपाट चटईसारखा दिसतो.

आता पोतं. बारदान घेताना ते तागाचंच आहे ना, एवढं बघा. कांद्याच्या लाल जाळीच्या पिशव्या आणि खताची पांढरी पोती प्लॅस्टिकची, त्यांना घरगुती रंग लागतच नाही आणि उन्हात त्या चमकतात. रेशनच्या धान्याची तागाची पोती सगळ्यात बरी. मार्केट यार्डाच्या आसपास जुनं बारदान विकणारे असतात, त्यांच्याकडे फाटकं मागा, स्वस्त पडतं आणि आपल्याला फाटकंच चालतं. ५० किलो धान्याचं सरकारी मापाचं पोतं साधारण ५८० ग्रॅम भरतं. पाच पोत्यांत जवळपास तीन किलो माल होतो, त्यातून शिवण, छापील भाग आणि कचरा वजा जाता सव्वादोन-अडीच किलो धागा हाती येतो. एका सूटला एवढा पुरे. जास्त लावाल तर उन्हात तुम्हीच शिजाल. आणि एकदा दव किंवा पाऊस लागला की ताग इतकं पाणी धरतो की उठणं मुश्किल होतं. पोत्यावरच्या रंगीत पट्ट्या आणि शिक्के कापून बाजूला काढा, विशेषतः निळे. तपकिरी रंग त्यांच्यावर बसला तरी निळी झाक राहतेच आणि निळ्याइतका घात दुसरा कुठला रंग करत नाही. का ते पुढे सांगतो.

शिवण उसवून पोतं सपाट करा आणि हातभर लांबीचे, साधारण ४५ सेंटिमीटरचे तुकडे पाडा. मग एका कडेने बाणा, म्हणजे आडवे धागे, ओढून काढत जा म्हणजे ताणा मोकळा होतो. काही तुकड्यांत मध्ये चार बोटांची विणलेली पट्टी तशीच ठेवा आणि दोन्ही बाजूंना झालर सोडा. हे तुकडे पाठीवर सरळ शिवता येतात आणि गाठींचं निम्मं काम वाचतं. हे सगळं अंगणात किंवा गच्चीवर, तोंडाला रुमाल बांधून करा. पोत्यातली धूळ आणि तागाचा कोंडा घरभर झाला की घरचे सूट आणि तुम्ही दोघांनाही बाहेर काढतील.

घासलेटच्या वासाचं कारण असं: गिरणीत ताग मऊ करायला त्यावर खनिज तेल मारतात. खाद्यपदार्थांसाठीच्या खास पोत्यांना वनस्पती तेल वापरतात, पण साध्या बारदानात खनिज तेलच असतं. हे तेल निघालं नाही तर वास राहतो आणि रंगही डागाडागांनी बसतो, वर-वर चिकटतो, नंतर शर्टाला लागतो. तुमच्या शर्टाच्या तक्रारीचं अर्धं उत्तर इथेच आहे. म्हणून एक किलो धाग्याला वीस लिटर गरम पाणी, त्यात शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा आणि मूठभर किसलेला साधा कपड्याचा साबण किंवा रिठ्याचं पाणी. हात बुडवता येणार नाही इतपत गरम, पण खळखळ उकळी नको. अर्धा तास बुडवून अधूनमधून काठीने हलवा. पाणी चहासारखं होतं, ते टाकून पुन्हा एकदा करा आणि मग स्वच्छ पाण्यात तीन-चारदा खळबळून काढा. हे जर्मनच्या पातेल्यात मात्र करू नका, सोडा ॲल्युमिनियम खातो. स्टीलचं भांडं नाहीतर प्लॅस्टिकची बादली वापरा. आणि स्वयंपाकाचं कुठलंही भांडं या कामात येऊन परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. सोड्याऐवजी कॉस्टिक वापरावं असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्याने ताग लोकरीसारखा कुरळा होतो हे खरं, पण त्यासाठी लागतं ते तीव्र द्रावण, आणि ते घरात हाताळायची वस्तू नाही.

कपड्यांची डिटर्जंट पावडर पूर्ण टाळा. तिच्यात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड फेकतात. आपल्याला ते जेमतेम जाणवतं. पण दिवसा वावरणाऱ्या बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीनच, आणि जांभळ्याच्या पलीकडचा बराच भाग त्यांना दिसतो. अशा डोळ्याला डिटर्जंटमध्ये धुतलेला सूट वाळक्या गवतात वेगळाच उजळ दिसणार. काळवीट, हरणं यांची गोष्ट उलटी. त्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, निळा मात्र छान कळतो. म्हणजे काळविटासाठी तुमचा तपकिरी जरा जास्त लालसर झाला तर बिघडत नाही, निळसर झाला तर बिघडतं. रंगाची छटा जुळवण्यात आठवडा घालवण्यापेक्षा निळं आणि चमकदार असं काही राहिलेलं नाही ना, एवढं बघितलं तर जास्त उपयोग होतो. याच कारणासाठी जुना सूटही नुसत्या पाण्यात किंवा रिठ्यातच धुवायचा.

धुतलेला धागा अर्धवट ओला असतानाच दगडावर धोपाटण्याने कुटा. पीळ सैल होतो, धागा फुलतो. ओला ताग कोरड्यापेक्षा कमकुवत असतो, तेव्हा कुटा, पण चेचू नका. वाळला की तारेचा ब्रश नाहीतर बैलाचा खरारा घेऊन टोकाकडची तीन-चार बोटं पिंजा. पूर्ण लांबी पिंजलीत तर धागा पुढच्याच मोसमात गळून जाईल. पिंजलेलं टोक उजेड पसरवतं, पीळदार धागा उजेड परत फेकतो. तागाला नैसर्गिक चकाकी असते, आणि सकाळी आठच्या तिरप्या उन्हात ती लांबून कळते. ती मारायचा सोपा उपाय म्हणजे काळ्या मातीचं पातळ पाणी. माती चाळून ताकाइतकं पातळ कालवा, धागा बुडवून, पिळून वाळवा आणि झटका. बरीचशी माती झडते, उरते ती पुरते. कोऱ्या निम्म्या मालाला एवढाच संस्कार पुरे. त्यातला थोडा त्र्यंबक-इगतपुरीकडच्या तांबड्या मातीत केला तर तोही वेगळा दिसतो.

रंगाकडे येतो. माझा कल घरगुती वनस्पतींच्या रंगांकडे आहे, आणि यात पर्यावरणाचं सोवळं नाही. हे रंग मुळातच मळके येतात, आणि आपल्याला मळकेच हवेत. शिवाय त्यांचा कच्चा माल नाशिक जिल्ह्यात अक्षरशः उकिरड्यावर पडलेला असतो. लासलगाव-पिंपळगावच्या बाजूला कांद्याची वाळकी टरफलं कुणीही पोतंभर देईल, कसमादेच्या (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यात डाळिंबाच्या साली. बाभळीची साल, हिरडा आणि कात काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, ते कुठल्याही कृषी सेवा केंद्रात झाडांच्या लोहाच्या कमतरतेसाठी विकायला असतं. द्राक्षवाल्या मित्राकडे तर ते असेलच.

ऑलिव्ह असा येतो. एक किलो कोरडा, धुतलेला धागा घ्या, पुढची सगळी मापं त्या वजनावर. दीडशे ते दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून धागा त्यात रात्रभर भिजत ठेवा. हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य तागात मुरतं आणि पुढच्या रंगाला धरून ठेवतं. हा टप्पा गाळला तर रंग पहिल्या पावसात जातो. सकाळी पिळून घ्या, धुऊ नका. दुसरीकडे अर्धा ते पाऊण किलो कांद्याची टरफलं तासभर उकळून गाळा. टरफलं वजनाला इतकी हलकी की अर्धा किलोला मोठी गोणी लागते, म्हणून आधीपासून साठवा. गाळलेल्या पाण्यात धागा पाऊण तास मंद आचेवर ठेवा आणि त्यातच गार होऊ द्या. आता तो मोहरीसारखा पिवळट-बदामी असेल. वेगळ्या बादलीत वीस लिटर पाण्यात वीस ग्रॅम हिराकस विरघळवा आणि धागा त्यात पाच ते दहा मिनिटं फिरवा. पिवळा रंग डोळ्यांदेखत मळक्या हिरव्याकडे झुकतो. हवा तेवढा झुकला की लगेच बाहेर काढून भरपूर पाण्यात धुवा. वीसचे पन्नास ग्रॅम करायचा मोह होईल, टाळा. जास्त लोह धाग्यात राहिलं की तो काळपट तर होतोच, पण वर्षभरात ठिसूळ होऊन तुटायला लागतो.

डाळिंबाच्या वाळलेल्या साली तीनशे ग्रॅम घेऊन हेच केलं तर छटा जास्त राखाडी, खाकीकडे झुकणारी येते. एप्रिल-मेच्या गवतासाठी मला ती कांद्याहून आवडते. बाभळीची साल अर्धा किलो, ठेचून रात्रभर भिजवून उकळली की तपकिरी. त्यातलाच थोडा धागा हिराकसात बुडवला की हवा तो काळपट मिळतो, काळ्या रंगाची पुडी आणायची गरज नाही. पुडीचा काळा बऱ्याचदा निळसरच असतो. काताचा तपकिरी सुंदर असतो, पण कात महाग, म्हणून तो मी दुरुस्तीसाठी राखून ठेवतो. सोनेरी छटा हवी असेल, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या कुसळीची, तर कांद्याच्या आधी हिरड्यानंतर दीडशे ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात धागा तासभर ठेवा आणि शेवटी हिराकस टाळा. हळद कुणी सुचवेल. हळद उन्हात टिकत नाही, आठवड्यात उडते. मोरचुदानेही (कॉपर सल्फेट) हिरवट छटा येते आणि ती उन्हात टिकतेही चांगली, द्राक्षबागेत फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी ते घरोघरी असतं. पण मोरचुदाचं उरलेलं पाणी मासे मारतं, आणि घरून रंगवणाऱ्याचं उरलेलं पाणी शेवटी नासर्डी नाहीतर वाघाडी नदीला जाऊन मिळतं. हिराकसाने काम होत असताना त्या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट मुद्दाम करायची ती म्हणजे रंग असमान बसवणं. कापडवाला जे टाळतो ते आपल्याला हवं असतं. धाग्याच्या जुड्या सैलसर बांधून टाका, काही अर्ध्याच बुडवा, काही दहा मिनिटांत काढा, काही रात्रभर ठेवा. एकाच पातेल्यातून पाच-सहा छटा निघाल्या पाहिजेत. सुकवायचं सावलीत. ओला रंग नेहमी गडद दिसतो, तेव्हा निर्णय चिमूटभर धागा पूर्ण वाळवून मगच घ्या.

पुडीचे रंग वाईट नाहीत, वेळ नसेल तर तेच घ्या. पण पुडीत काय आहे ते दुकानदाराला विचारा. तुमची पोपटी पुडी बहुधा बेसिक वर्गातली असणार. हे रंग तागाला झटकन आणि घट्ट धरतात, कारण तागात सुती धाग्यात नसलेलं लिग्निन, म्हणजे लाकडात असतं ते द्रव्य, भरपूर असतं. पण ते भडक असतात, उन्हात लवकर विटतात, आणि त्यातले काही, मॅलाकाइट ग्रीनसारखे, विषारी असतात. हातमोजे घालूनच हाताळा. डायरेक्ट वर्गातला रंग घ्या. एक किलो धाग्याला पाच ते दहा ग्रॅम रंग, शंभर-दीडशे ग्रॅम मीठ, पाऊण तास मंद आच. आणि हिरवी पुडी घ्यायचीच नाही. आठ ग्रॅम पिवळा आणि त्यात एक ग्रॅम काळा टाका, उत्तम ऑलिव्ह होतो. निळसर वाटला तर चिमूटभर तपकिरी. हे रंग धुताना थोडे जातातच, मिठाच्या पाण्यात खळबळून ते पक्के होतात हा समज खरा नाही. रंगाच्या दुकानात डाय फिक्सर मिळतो तो वापरा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

झालेला पोपटी माल फेकू नका. आधी गरम साबणाच्या पाण्यात दोनदा धुऊन सुटा रंग काढून टाका. मग किलोला पन्नास ग्रॅम कात उकळून त्यात अर्धा तास. तांबूस तपकिरी हिरव्यावर चढला की हिरव्याचा भडकपणा मरतो. शेवटी हिराकसाची ओझरती बुडी. तरीही भडक वाटला तर बारीक जुड्या करून कोऱ्या तागात एकास आठ अशा मिसळा. ब्लीच मात्र वापरू नका, ताग पिवळा पडतो आणि सडल्यासारखा तुटतो.

आगीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. पिंजलेला, वाळलेला ताग काडीनेच नव्हे, ठिणगीनेही भडकतो, आणि तो तुमच्या अंगावर असतो. विडी-सिगरेट, चहाचा स्टोव्ह, बांधावर पेटवलेला पाचट, यातलं काहीही पुरेसं आहे. रंग पूर्ण झाल्यावर एक लिटर गरम पाण्यात सत्तर ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि तीस ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून धागा त्यात भिजवा, हलका पिळा, न धुता सावलीत वाळवा. एका किलोला आठ-दहा लिटर द्रावण लागतं. यामुळे ज्योत धाग्यावरून पळत जात नाही. पण सूट अग्निरोधक झाला असं समजू नका. पावसात किंवा धुण्यात हा थर निघून जातो, म्हणजे दर मोसमात पुन्हा करायचा. शेवटी थोडा धागा तोडून, अंगावरून लांब, चिमट्यात धरून पेटवून बघा. ज्योत काढल्यावर विझला पाहिजे. ही दोन्ही द्रव्यं पोटात जाता कामा नयेत, लहान मुलं आणि जनावरं दूर ठेवा.

आता मिसळणं. बहुतेक लोक एक जुडी हिरवी, एक तपकिरी, एक पिवळी अशा बांधतात आणि लांबून ठिपके दिसतात. रंग जुडीच्या आत मिसळला पाहिजे. चटईवर सगळ्या छटा पसरा, डोळे मिटून मूठ भरा, आठ-दहा धाग्यांची जुडी करा. दहातल्या एखाद्या जुडीत काळपट जास्त जाऊ दे, एखादी निव्वळ कोरी राहू दे. बुडासाठी मासेमारीचं जुनं जाळं घ्या, दीड-दोन इंची भोकाचं. द्राक्षबागेवर पक्ष्यांपासून बचावाला टाकतात ते जाळं बारीक आणि चमकदार असतं, ओझ्याने फाटतं. मासेमारीचं पांढरं जाळं उरलेल्या बाभळीच्या पाण्यात उकळून घ्या, नायलॉन तो रंग धरतं. जाळं जुन्या सैल शर्टाच्या पाठीला, बाह्यांच्या मागच्या बाजूला आणि टोपीला शिवा. पुढची बाजू मोकळी ठेवा, पोटावर सरकावं लागतं आणि तिथले धागे खेचले जातात.

जुडी मधोमध दुमडा, दुमड जाळ्याच्या भोकातून आत घाला आणि दोन्ही टोकं त्या दुमडीतून ओढून घट्ट करा. छप्पर शाकारतात तसं खालच्या ओळीपासून वर यायचं, म्हणजे वरची ओळ खालच्या गाठी झाकते. डोक्यावर आणि खांद्यावर आखूड, पाठीवर लांब. कॅमेऱ्याची लेन्स फिरवणाऱ्या हाताची बाही जवळजवळ मोकळी ठेवा, नाहीतर धागे लेन्सच्या कड्यात अडकतात. दर वितीवर एखादा रिकामा फास किंवा इलॅस्टिकचा तुकडा सोडा, बसायच्या जागचं वाळकं गवत तिथे खोचता येतं. रंगात राहिलेली सगळी उणीव ते मूठभर गवत भरून काढतं. अभयारण्याच्या हद्दीत मात्र गवत तोडू नका, आधीच बाहेरच्या शेतकऱ्याला विचारून घ्या.

पूर्ण झाल्यावर सूट झुडपावर टाकून वीस-तीस पावलांवरून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. सकाळी एक, दुपारी एक. राखाडी छटांमध्ये सूटची कड कुठे ओळखू आली तर तिथे काय आहे ते बघा. बहुतेक वेळा तिथे रंग चुकलेला नसतो, सगळे धागे एकाच लांबीचे कापलेले असतात.

कुठे घालायचा हेही सांगतो. नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं अभयारण्य, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. मनोऱ्यावर या सूटची गरज नाही आणि हद्दीत वनखात्याला न विचारता दबा धरून बसणं बरोबर नाही. बाहेरच्या शेतात बसणार असाल तर मालकाला सांगून बसा. निफाड-सिन्नरच्या उसात बिबटे आहेत, बांधावर काहीतरी केसाळ हललं तर लोक आधी काठ्या घेऊन येतात, विचारपूस नंतर. जाता-येता सूट पिशवीत ठेवा आणि पिशवीला भगवा नाहीतर लाल फडका बांधा. उसाच्या कडेला पहाटे एकट्याने ओणवं बसू नका. देवळाली कॅम्पच्या आणि तोफखान्याच्या सराव मैदानाच्या आसपास, ओझर किंवा गांधीनगरच्या धावपट्टीजवळ हा सूट घालून फिरणं म्हणजे चौकीत दिवस घालवणं. बुडाचा शर्टही सैन्याच्या छापाचा घेऊ नका, साधा मातकट घ्या. सैनिक असल्याचा भास व्हावा या हेतूने तसा वेष घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, पूर्वी तो दंडविधानाच्या कलम १४० खाली होता. तुमचा हेतू तसा नसेलही, पण ते चौकीत समजावत कोण बसणार?

घरी आलात की त्याच दिवशी सूट झटका. कुसळं तागात रुततात आणि पुढच्या वेळी मानेला टोचतात, गोचिडीही असू शकतात. ओला असेल तर पूर्ण वाळवल्याशिवाय पिशवीत कोंबू नका. जूनमध्ये सुती चादरीत गुंडाळून, कडुनिंबाचा पाला टाकून छताला टांगा. जमिनीवर ठेवलात तर उंदरांना तागाहून चांगलं अंथरूण मिळत नाही. पावसाळी हिरव्या सूटसाठी वेगळं जाळं करायच्या फंदात पडू नका, याच सूटच्या रिकाम्या फासांत ओलं गवत खोचलं की जुलै-ऑगस्ट निघतो.